आपोआप

श्वासाकडे नुसतं बघा, असं हेमाली मॅडम म्हणाल्या आणि उन्नतीनं बघितलं. झालं ते एवढंच. मंगळवारची सकाळ होती. मानकोली नाक्यामागच्या रिकाम्या गाळ्यात चटया टाकून बायका बसल्या होत्या, बाहेर कुठलातरी कंटेनर मागं येताना पिंपिं करत होता, आणि मॅडमचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "काही करायचं नाही. आत येतोय, येऊ द्या. बाहेर जातोय, जाऊ द्या. तो आपोआप चाललाय." उन्नतीनं नाकाच्या शेंड्याशी लक्ष नेलं. हवा गार आत गेली, कोमट बाहेर आली आणि थांबली. पुढची आलीच नाही. पाहुणा दारात येऊन उभा राहावा आणि आत यायचं नाव घेऊ नये, तसं काहीतरी. ती वाट बघत राहिली. छातीत आग व्हायला लागली तेव्हा तिनं मुद्दाम, विहिरीतनं पाणी शेंदावं तसा, एक श्वास आत ओढला. सोडला. परत सगळं थांबलं. परत तिनंच ओढला. शेजारच्या चटईवर पलीकडच्या घरातली आक्का कुजबुजत होती, "पोट बाहेर काढा म्हणते. माझं काय आत हाय का बाहेर काढायला?" आणि मागच्या दोघी तोंडात पदर धरून हसत होत्या. उन्नतीला हसायचं होतं, पण हसायला श्वास लागतो आणि तो तिच्या हातात होता. इतकी वर्षं आपला आपण चालणारा, कधी विचारायलाही न आलेला, तो आता तिच्या ओंजळीत पडला होता आणि कुठं ठेवायचा ते तिला कळेना.

घरी येईपर्यंत जाईल, असं तिला वाटलं. गेला नाही. चहा उकळताना ती श्वास घेत होती. म्हणजे सगळेच घेतात, पण ती घेत होती. तान्ह्या बायचे लंगोट वाळत घालताना, सासूला "हो आई" म्हणताना, कांदा चिरताना, प्रत्येक वेळी आधी तो आत घ्यायचा, मग बोलायचं. क्षणभर दुसरीकडे लक्ष गेलं की वाटायचं, राहिला का काय? आणि ती घाईनं ओढायची. खरं तर योगाच्या वर्गाला ती पाठीसाठी जात होती. बाळंतपणात पोट चिरलं, त्याआधी कण्यात सुई टोचली, तेव्हापासून पाठ जी धरली होती ती सुटत नव्हती. गाळा सासऱ्यांचाच. जुना भाडेकरू गेला होता, नवा यायचा होता, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास अजून भिंतींना होता. तेवढ्यात नाक्यावरच्या हेमाली मॅडमनी वर्गासाठी मागितला आणि सासरे म्हणाले, "घ्या, वापरा, बायकांची हाडं तरी मोकली व्हतील." आणि पाठ खरंच मोकळी झाली होती. मार्जारासन, भुजंगासन, भिंतीला टेकून पाय वर. महिनाभरात ती बायला उचलताना "आई गं" म्हणायची थांबली होती. हे तिला नाकारता येत नव्हतं. दुखणं गेलं होतं ते ज्यांच्यामुळे, त्यांच्यामुळेच हे आलं होतं. एकाच हातानं कुणी दिलं आणि घेतलं तर भांडायचं कुणाशी?

दर वर्गाच्या शेवटी मॅडम थोडं सांगायच्या. योग हजारो वर्षांचा आहे, ऋषींनी अरण्यात बसून शोधला, मांजर कशी पाठ ताणते, नाग कसा फणा काढतो, ते बघून बघून. त्यानं पचन सुधारतं, झोप लागते, रक्तदाब ताब्यात राहतो, मन स्थिर होतं. आक्का एकदा हात वर करून म्हणाली होती, "मॅडम, ह्या रिशींची पोरं कोन सांभाळायचा?" सगळा गाळा हसला. मॅडमही हसल्या. उन्नतीला तो प्रश्न आता परत परत आठवत होता, आणि त्यात गंमत सापडत नव्हती. अरण्यातल्या त्या माणसानं पहिल्यांदा आपल्या श्वासाकडे बघितलं असेल, तेव्हा त्यालाही असंच झालं असेल का? त्याचाही थांबला असेल का? आणि त्याला तो परत कुणाकडे सोपवता आला? की तोच ओढत बसला जन्मभर, आणि लोकांना वाटलं तप करतोय?

नवऱ्याला, दीपेशला, तिनं बुधवारी सांगितलं. तो जेवायला घरी आला होता. त्याच्या मालाच्या दोन गाड्या ठाण्याच्या पुलावर अडकल्या होत्या, फोन वाजत होते. तरी त्यानं नीट ऐकलं, घास तसाच हातात धरून. "असं होतं गं लोकांना," तो म्हणाला, "थांब, बघतो," आणि डाव्या हातानं फोनवर शोधायला लागला. मग वाचता वाचता त्याची छाती एकदा फुगली आणि वरच राहिली. त्यानं तिच्याकडे बघितलं. "आयला," तो म्हणाला, "तू सांगितल्यापासून मलाही व्हायला लागलंय. नको बोलू, नको बोलू," आणि उठून मोठ्यानं बेसिनमध्ये चूळ भरली, गाणं लावलं, चावी घेतली. संध्याकाळी त्याचा फोन आला की आपलं गेलं, तुझं गेलं का? ती म्हणाली, हो. कारण तिच्या लक्षात आलं होतं की ही गोष्ट सांगितली की समोरच्याला लागते. आता ती कुणाला सांगायची? आक्काला सांगून आक्काचा श्वास थांबवायचा? आईला फोन करायचा, जिला आधीच दमा आहे?

आणि मग बाय. कागदावर भाविका, पण घरात सगळे बायच म्हणतात, सात महिन्यांची, तळहाताएवढी पाठ. उन्नती आपल्या श्वासावर पहारा करत होती तोवर ठीक होतं, पण बुधवारी दुपारी पाजता पाजता बाय झोपली आणि उन्नतीची नजर तिच्या पोटावर गेली. पोट हलत होतं, भराभर, चिमणीच्या पोटासारखं. मग हलायचं थांबलं. उन्नती गोठली. एक मोठा उसासा आला आणि पोट परत हलायला लागलं. लहान मुलांचं असं असतं, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, मध्ये थांबतात, परत घेतात. पण ते ऐकलेलं होतं. बघितलेलं हे पहिल्यांदा. ती तिथंच बसली. पायांना मुंग्या आल्या. उठावं तर नजर काढावी लागणार, आणि नजर काढली आणि थांबलं तर? आपला श्वास आपण बघितला म्हणून थांबला, हे तिला कळत होतं. मग बायचा ती बघत्येय म्हणून थांबतो, की बघत्येय म्हणून चाललाय? दोन्ही खरं वाटत होतं. दोन्हीतलं एकही पूर्ण खरं वाटत नव्हतं. त्या दिवसापासून ती झोपलीच नाही म्हटलं तरी चालेल. डोळा लागायचा तो जिन्यावरून पाय घसरावा तसा, आणि दचकून हात पहिला बायच्या छातीवर.

माहेरी नारपोलीला असं काही झालंच नसतं, असं तिला वाटायचं. तिथं श्वास ऐकू तरी कुठं यायचा? घर वरच्या मजल्यावर आणि खाली लूम, कापडाचे यंत्रमाग. लूमवर देखरेख करणारे सावळाराम मास्तर, तिचे वडील, तिथंच ड्युटीला. दिवसपाळी रात्रपाळी खटाक् खटाक् चाललेलं असायचं, आणि तो आवाज कानानं नव्हे, तळपायानं यायचा, मांडणीतल्या ताटांतून यायचा, दातांतून यायचा. सगळं घर मोठ्यानं बोलायचं. लाडानं बोलायचं तरी ओरडून. आई "माझी सोनी ती" असं म्हणायची तेव्हा खालच्या गल्लीतला पानवाला वर बघायचा. आणि शुक्रवारी लूम बंद. कारागीर नमाजला, बाजाराला, आणि गल्ली एकदम अशी पोकळ की आईचा तोच आवाज भिंतीवर आदळून परत यायचा. आई स्वतःच दचकायची आणि हात तोंडावर ठेवायची. शुक्रवारी उन्नतीला घरात परक्यासारखं वाटे. सगळ्यांचं खाणं, गिळणं, बापाचं नाक ओढणं, सगळं उघडं पडलेलं. ती कॉटखाली जाऊन कान फरशीला लावायची आणि वाट बघायची. कशाची? लूम सुरू व्हायची, की आणखी कशाची? तेव्हा माझा श्वास कुठं राहत होता, असं ती आता स्वतःला विचारी. त्या खटाक् खटाक्‌मध्येच कुठंतरी, सगळ्यांच्यात मिसळून? की तेव्हाही तो थांबत होता आणि गोंगाटात कुणाला कळलं नाही?

गुरुवारी ती सासऱ्यांशी बोलली, म्हणजे तिला विचारायचं नव्हतं पण तोंडातून गेलं. केसरीनाथ ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसले होते, पायानं हळूच झोका देत, हातात पेपर आणि चष्मा कपाळावर. आता त्यांच्या शेतावर गोदामं उभी आहेत, पण तरुणपणी ते खाडीत रेती काढायला डुबी मारत. होडीतून वासा तळाला रोवायचा, वासा धरून खाली जायचं, बादली रेतीनं भरायची आणि वर यायचं. एक कान त्यातच गेला. "बाबा," ती म्हणाली, "खाली गेल्यावर श्वासाचं काय करायचात?"

"काय करनार? वरती ठेवून जायाचो."

"नाही, खरंच. भीती नाही वाटायची?"

"वाटायची ना. खाली काळोख. हाताला काय लागंल त्याचा भरवसा न्हाय. मी तुझ्या सासूला शिव्या द्यायचो."

"पाण्यात?"

"मनात. म्हनून तर यवढ्या दिल्या. ती आयकत न्हवती." ते खदखदून हसले आणि आतून पार्वतीबाईंचा आवाज आला, "आता आयकते हां मी!" मग सासऱ्यांनी झोका थांबवला आणि गेलेल्या कानावर बोट फिरवत म्हणाले, "अजून कधी कधी जेवता जेवता श्वास धरून बसतो गो मी. खाडीच बुजली, बंदर ऱ्हायलं न्हाय, तरी. मग आठवतं, अरे, आपन वरती हाव." तिला वाटलं होतं ते काहीतरी सांगतील, एखादी युक्ती. त्याऐवजी त्यांच्याजवळही तेच होतं. ती तिथून उठली तेव्हा तिला हायसं वाटलं की आणखी घाबरल्यासारखं, ते तिला ठरवता येईना.

दूध कमी झालं. बाय ओढायची, सोडायची, रडायची, परत ओढायची. पार्वतीबाई दोन दिवस बघत होत्या. शुक्रवारी त्यांनी बायला उन्नतीच्या मांडीवरून उचललं, खांद्यावर थोपटलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तू झोपत न्हायस."

"झोपते, आई."

"मना नको सांगू. डोले बघ आरशात, करवंदं झालीत. आयस झोपली न्हाय तर दूध कुठनं येनार? आयतवारपासून बाय माझ्या खोलीत. पालना दीपेश नेईल. रातचं डब्याचं दूध देऊ. तू दार लावून झोप."

"कायमचं?"

"बरी होस्तवर. मी काय खानार हाय का तिला?"

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पार्वतीबाईंनी चार मुलं वाढवली होती. उन्नतीचं बाळंतपणही त्यांनीच काढलं, शेक दिला, डिंकाचे लाडू केले, तिची पोटपट्टी रोज स्वतः बांधली. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं आणि म्हणूनच उन्नतीच्या पायाखालची फरशी सरकली. बाय भिंतीपलीकडे जाणार. भिंतीपलीकडचं दिसत नाही. आणि एकदा डब्याच्या दुधाची सवय लागली की ती इकडे कशाला वळेल? ओढून ओढून काही न येणाऱ्या छातीकडे? पण त्याच वेळी, आणि हे तिला कुणालाही सांगता आलं नसतं, तिच्या अंगातलं काहीतरी त्या बंद दाराकडे आशेनं बघत होतं. दार लावून झोप. कुणीतरी घेऊन जा गं हिला, असंही वाटत होतं. न्यायला आलेल्या हाताला चावावं, असंही वाटत होतं. यातली बायची आई कोणती? रात्री पोर अंगावर पीत असताना तिनं खाली बघितलं, तर बाय तिच्याकडेच बघत होती, डोळ्याची पापणीही न हलवता, पहारा करावा तशी.

शनिवारी वर्ग संपल्यावर ती मागं थांबली. बायका चटया गुंडाळून गेल्या, आक्का जाताना "चल गो" म्हणाली, तिनं हातानंच तू हो पुढं म्हणून सांगितलं. हेमाली मॅडम पाण्याची बाटली पिशवीत घालत होत्या. पस्तिशीच्या, बारीक, कपाळावर घामानं चिकटलेले केस. उन्नतीनं ठरवलं होतं की नीट, क्रमानं सांगायचं. पण म्हणाली ते असं, "मॅडम, तुम्ही मंगळवारी जे दिलंत ना, ते परत घ्या."

"काय दिलं मी?"

मग तिनं सांगितलं. सांगताना मॅडमच्या छातीकडे बघत होती, त्यांना लागतंय का ते. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला होतं असं, सजगता वाढली की होतं, सराव करत राहा, मन स्थिर होईल. शिकवतानाचाच मऊ आवाज. उन्नती म्हणाली, "पण माझं दूध आटलं. उद्या तिला सासूबाईंच्या खोलीत नेणार आहेत." तेव्हा तो आवाज बंद पडला. मॅडम चटईवर खाली बसल्या, पायात अडकवलेली एक चप्पल तशीच.

"तुम्हाला वाटतं मी हे हिमालयात शिकले?" त्या म्हणाल्या. "कोविडमध्ये पप्पांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. पालथं झोपवलेलं, मकरासन म्हणतो ना आपण, तसं. बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा. मी आकडा बघत बसायचे. वाटायचं, मी बघत्येय म्हणून तो खाली येत नाही. घरी आणल्यावर फुप्फुसांचे व्यायाम सांगितले, ते एकटे करेनात, म्हणून मी समोर बसायला लागले. आत घ्या पप्पा. सोडा पप्पा. ते बरे झाले. आता गावभर उंडारतात, तंबाखूसुद्धा परत सुरू केलीय. मी मात्र बसलेलीच राहिले. मग म्हटलं, बसलोच आहोत तर नीट शिकूया. कोर्स केला."

"आणि गेलं?"

मॅडमनी गाळ्याच्या शटरकडे बघितलं. "डोळे मिटा म्हणते ना मी तुम्हाला? माझे उघडे असतात. सगळ्यांची पोटं बघत असते, एकेकीचं. तो आपोआप चाललाय असं म्हणते ते तुम्हाला नाही हो सांगत."

उन्नतीला त्यांचा संताप आला. मग कणव आली. मग वाटलं, या रिकाम्या गाळ्यात आपण दोघी दोन वॉचमन बसलोय. ऋषी नव्हते, अरण्य नव्हतं, एका बाईनं भीतीनं बापासमोर मांडी घातली होती आणि तिथून हे आपल्यापर्यंत आलं, पाठ बरी करत. खोटं म्हणावं तर पाठ खरंच बरी होती. "मग तुम्ही झोपता कशा?" तिनं विचारलं.

"दुपारी. मम्मी शेजारी काहीतरी निवडत, सोलत बसलेली असली की लागते. का, ते मला नका विचारू. मला माहीत नाही." आणि मग, दुसरी चप्पल शोधत, "मला यातलं बरंचसं माहीत नाही, उन्नती. लोकांना बरं वाटतं एवढं माहीत आहे."

रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर दीपेशनं पाळणा आईच्या खोलीत नेला. जाताना दाराच्या चौकटीला लागून रंगाचा पोपडा निघाला. पार्वतीबाईंनी बाटल्या उकळून ओळीनं पालथ्या घातल्या होत्या. उन्नती आपल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती, बाय तिच्या खांद्यावर जड होत चालली होती. आता हात पुढे करतील, आता द्यावी लागेल. तिनं श्वास घेतला, मुद्दाम, नेहमीसारखा. मग काय झालं ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. तिनं काखेत आपली उशी धरली आणि बायसकट सासूच्या खोलीत जाऊन खालच्या चटईवर बसली.

"हे काय?" पार्वतीबाई म्हणाल्या. मोड आलेले वाल सोलायला परात घेऊन त्या भिंतीला टेकल्या होत्या.

"पाळण्यात नको. ती माझ्याजवळ झोपेल आणि मी इथं झोपेन."

"मंग माझ्या खोलीत आनून काय उपेग झाला?"

"तुम्ही बघा."

"काय बघू?"

उन्नतीनं उशी खाली ठेवली. हे वेड्यासारखं दिसणार होतं. "आमचा श्वास," ती म्हणाली. "दोघींचा. चाललाय का ते. मी बघून बघून दमले, आई. थोडा वेळ तुम्ही बघा."

पार्वतीबाईंनी तिच्याकडे बघितलं. आता त्या दीपेशला हाक मारतील, माहेरी पाठवतील, दृष्ट काढतील. पण त्यांनी वालाचा दाणा चिमटीत दाबला, साल सुटून परातीत पडलं. "त्यात काय," त्या म्हणाल्या. "बघते. निज तू."

"झोपू नका हां पण."

"गप गो, सासूला शिकवू नको."

उन्नती कुशीवर झाली. बाय छातीशी शिरली, ओढायला लागली, येतंय की नाही ते कळत नव्हतं, पण सोडत नव्हती. वालाच्या सालांचा ओला, कच्चा वास. चिमटीतून दाणा सुटण्याचा बारीक आवाज, परात, दाणा, परात. ती आपला श्वास घेत होती, अजून तीच. पण डोळे मिटलेले होते आणि मिटल्यावर कुणीतरी बघत होतं. मग परातीतला आवाज विरळ झाला. आणखी विरळ. मग आलाच नाही. तिनं एक डोळा उघडला. पार्वतीबाईंची मान खांद्यावर कलली होती, तोंड अर्धं उघडं, चिमटीत एक न सोललेला वाल तसाच, आणि नाकातून होडी वाळूवर ओढावी तसा खर्र, खर्र, आवाज येत होता. म्हणजे आता कुणीच बघत नव्हतं.  उठवावं का? आई, तुम्ही म्हणालात ना? तिला हसू येत होतं आणि रडूही. दोन्हीला श्वास लागतो, आणि तो घ्यावा की आधी सासूला हलवावं, की बायच्या पाठीवर हात ठेवून बघावं, की

बाय रडली. भिंतीवरचं ऊन कपाटावर गेलं होतं. उन्नतीच्या गालावर चटईचे वळ उठले होते, उशी लाळेनं ओली होती, आणि ब्लाउज एका बाजूनं भिजून अंगाला चिकटला होता. ती तशीच पडून राहिली. मधला सगळा वेळ कुठंतरी गेला होता आणि त्यात कुणीतरी श्वास घेतला होता, तिचा, तिच्यासाठी, तिला न विचारता. कोण, ते तिला कळेना. बायला जवळ ओढून ती दुसऱ्या बाजूला वळली.

"मी जागीच हाय गो," पार्वतीबाई म्हणाल्या, डोळे न उघडता.